रंगाचेही माप असते

मागच्या एका खरिपातली गोष्ट सांगतो. आमच्या महाविद्यालयातील राष्ट्रीय सेवा योजनेच्या मुलांनी धानाच्या पट्ट्यातल्या एका गावी शेतकऱ्यांचा मेळावा घेतला. मेळाव्यात वाटण्यासाठी मुलांनी एक कार्ड छापले. धानाच्या पानाचा रंग पाहून पिकाला युरिया हवा की नको हे ठरवण्यासाठी हिरव्या पट्ट्यांचे एक कार्ड असते, हे तुमच्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. खरे कार्ड प्लॅस्टिकचे असते. ते आमच्यापाशी एकच होते आणि माणसे येणार होती शंभर. तेव्हा एका हुशार मुलाने त्याचा फोटो काढला, संगणकावर चढवला आणि कॉलेजच्या इंकजेट प्रिंटरवर शंभर प्रती काढल्या. निम्म्या निघाल्या साध्या कागदावर. तो कागद संपला, म्हणून उरलेल्या निघाल्या चकचकीत फोटोच्या कागदावर. मला विचारले, तेव्हा "ठीक आहे, वाटा" असे मीच सांगितले.

मेळावा संपल्यावर एक वृद्ध शेतकरी दोन कार्डे घेऊन माझ्याकडे आले. एक त्यांचे, दुसरे शेजाऱ्याचे. म्हणाले, "सर, आत्ताच बांधीत जाऊन पाहून आलो. या साध्या कार्डावर माझं पान चौथ्या पट्टीला लागतं, म्हणजे युरिया नको. या चकचकीत कार्डावर तेच पान तिसऱ्या पट्टीला लागतं, म्हणजे युरिया पाहिजे. पान तर एकच आहे. मी कोणाचं ऐकू?"

माझ्यापाशी उत्तर नव्हते. मुलांना सांगून सगळी छापील कार्डे परत गोळा केली, तेव्हा कुठे मन थाऱ्यावर आले. युरियात ४६ टक्के नत्र असते. ते कमी पडले तर पीक पिवळे पडते, उतारा घटतो. जास्त झाले तर पीक नुसते माजते, लोळते, तुडतुड्यांना आणि करप्याला आमंत्रण मिळते, आणि पैसा जातो तो वेगळाच. म्हणजे आमच्या प्रिंटरच्या चुकीची किंमत दुसऱ्याने बांधीत मोजली असती.

तेव्हापासून मी या प्रश्नाच्या मागे लागलो. मी भूगोल शिकवतो, प्रिंटरचा कारागीर नव्हे. परंतु नकाशे छापून घेताना हा घोळ मी वर्षानुवर्षे पाहत आलो होतो आणि "प्रिंटरच तसा आहे" म्हणून सोडून देत होतो. शिक्षकमंडळींनाही याचा अनुभव असेल. लिटमस आणि पीएच कागदाबरोबर येणारा रंगतक्ता छापून वर्गात लावला, तर मुलांचे उत्तर एका घराने चुकते. तालुक्याच्या गावी एकच फोटो दोन दुकानांत दिला, तर एका फलकावर पाहुण्यांचा चेहरा तांबूस होतो आणि दुसऱ्यावर कावीळ झाल्यासारखा दिसतो. हे का होते, आणि काय केले म्हणजे होणार नाही, एवढेच आज आपल्याला पाहावयाचे आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करू. आपल्याला वाटते, संगणकातल्या चित्रात रंग असतो. तेथे रंग नसतो, आकडे असतात. प्रत्येक ठिपक्यासाठी तीन आकडे: तांबडा किती, हिरवा किती, निळा किती. प्रत्येक आकडा सामान्यतः शून्यापासून २५५ पर्यंत. "तांबडा ६०, हिरवा १४०, निळा ५०" असे लिहिले की आपण समजतो, रंग ठरला. पण तो ठरलेला नसतो. कारण हा आकडा म्हणजे यंत्राला दिलेला हुकूम आहे. "तुझ्याकडचा हिरवा १४० माप दे," एवढेच तो सांगतो. त्या यंत्राकडे हिरवा कोणता आहे आणि त्याचे माप केवढे आहे, हे त्या आकड्यात लिहिलेले नसते.

जुन्या माणसांना हे चटकन समजेल. पूर्वी आपल्याकडे कच्चा शेर होता, पक्का शेर होता. या बाजारची पायली निराळी, त्या बाजारची निराळी. "दोन पायल्या धान दिले" एवढ्याने काहीच कळत नसे. कोणत्या गावची पायली, हे विचारावे लागे. १९५८ च्या ऑक्टोबरपासून मेट्रिक वजने टप्प्याटप्प्याने सुरू झाली आणि हा घोळ मिटला. संगणकाच्या पडद्यावरचे आणि प्रिंटरमधले रंग मात्र अजून कच्च्या-पक्क्या शेरांच्या काळातच आहेत. तुमचा पडदा एका मापाने मोजतो, मुलाचा मोबाइल दुसऱ्या, आणि प्रिंटर तिसऱ्याच. तक्रार कोणाची करणार? प्रत्येक जण आपापल्या पायलीने प्रामाणिकपणेच मोजत असतो.

आता पडदा आणि कागद यांच्यातला मूळचाच फरक पाहा. पडदा स्वतः उजेड देतो. अंधारात तांबडा, हिरवा आणि निळा असे तीन दिवे एकत्र लावले की पांढरा उजेड होतो. कागदाचे उलट आहे. कागदाला स्वतःचा उजेड नाही. खिडकीतून आलेला पांढरा उजेड त्याच्यावर पडतो, त्यातला काही भाग शाई गिळते आणि उरलेला आपल्या डोळ्यांकडे परत येतो. म्हणून प्रिंटरच्या शाया वेगळ्या. सायन, म्हणजे हिरवट झाकेचा आकाशी रंग. ही शाई तांबडा उजेड गिळते. मॅजेंटा, ज्याला आपल्या साडीच्या दुकानात राणी रंग म्हणतात. ही हिरवा उजेड गिळते. आणि पिवळी शाई निळा उजेड गिळते. पानाचा हिरवा हवा असेल तर सायन आणि पिवळी एकत्र करावयाची. म्हणजे तांबडा गेला, निळा गेला, हिरवा उरला.

हिशेब सोपा दिसतो. पण शाया काही गणिताच्या पुस्तकातल्या नसतात. सायन शाईने फक्त तांबडा गिळावा, तर ती थोडा हिरवा आणि निळाही खाऊन बसते. तिन्ही शाया सारख्या मिसळल्या तर शुद्ध काळा किंवा राखाडी यावा, तर येतो मातकट तपकिरी. म्हणूनच चौथी काळी शाई लागते. फोटोसाठी बनवलेल्या काही प्रिंटरांत फिकट सायन, फिकट मॅजेंटा अशा आणखी शाया असतात. पण शाया वाढल्या तरी मूळ अडचण जात नाही. कोणती शाई किती टाकली म्हणजे डोळ्याला कोणता रंग दिसेल, हे प्रत्यक्ष छापून आणि मोजूनच समजते.

इंकजेट यंत्र हे काम कसे करते, तेही थोडक्यात सांगतो. त्याच्या डोक्याला केसाहूनही बारीक शेकडो छिद्रे असतात. त्यांतून शाईचे थेंब उडवले जातात. काही कंपन्यांच्या यंत्रांत छिद्राजवळचा बारीक तापक क्षणात तापतो, शाईचा बुडबुडा होतो आणि तो थेंबाला बाहेर ढकलतो. दुसऱ्या प्रकारात विजेने आकार बदलणारे स्फटिक शाईवर दाब देते. घरगुती प्रिंटरचा थेंब काही पिकोलिटरचा असतो. एका लिटरचे एक लाख कोटी भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे एक पिकोलिटर! या यंत्राला फिकट हिरवा छापावयाचा झाला तर ते शाईत पाणी घालत नाही. ते ठिपके विरळ टाकते आणि मधून कागदाचा पांढरा दिसू देते. लांबून पाहिले की डोळा दोहोंची सरासरी काढतो आणि आपल्याला फिकट रंग दिसतो.

आता आमच्या दोन कार्डांचे कोडे उलगडते. साधा कागद म्हणजे थोडासा टीपकागदच. थेंब पडला की शाई आत झिरपते, तंतूंवरून इकडेतिकडे पसरते. रंग कागदाच्या पोटात जातो, वर उरतो तो भुरकट, मरगळलेला. फोटोच्या कागदावर शाई वरच्या थरातच धरून ठेवणारा लेप असतो. तेथे थेंब आपल्या जागी राहतो, रंग गडद आणि तेजस्वी होतो. आकडे तेच, यंत्र तेच, शाई तीच; पण हिरवे दोन. गडद पट्ट्यांच्या शेजारी ते पान फिके ठरले, आणि भुरकट पट्ट्यांच्या शेजारी तेच पान गर्द ठरले. म्हणून लक्षात ठेवावयाचे की छपाईत कागद हा अर्धा रंग आहे. पावसाळ्यात हवेतला दमट ओलावा कागदाने शोषला, तर एकाच गठ्ठ्यातला कागदही श्रावणात आणि वैशाखात एकसारखा वागेल याची खात्री नसते. कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून ठेवणे हा त्यावरचा साधा उपाय.

मग खरा रंग कोणता हे ठरवावयाचे कशाने? येथे शास्त्र मदतीला येते. १९२० च्या दशकात इंग्लंडमध्ये राइट आणि गिल्ड या दोन शास्त्रज्ञांनी स्वतंत्रपणे प्रयोग केले. राइटने दहा आणि गिल्डने सात माणसांना तीन रंगांचे दिवे कमीजास्त करून समोरच्या रंगाशी जुळवायला सांगितले आणि कोणाला कोणता दिवा किती लागला ते टिपून ठेवले. या सतरा माणसांच्या डोळ्यांवरून १९३१ साली आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगाने एक प्रमाण डोळा ठरवला. पुढे १९७६ साली त्याच आयोगाने रंग लिहिण्याची एक सोयीची पद्धत दिली. तिला लॅब म्हणतात. तीन आकडे असतात. पहिला उजळपणाचा, शून्य म्हणजे काळा आणि शंभर म्हणजे पांढरा. दुसरा रंग हिरव्याकडे झुकतो की तांबड्याकडे ते सांगतो. तिसरा निळ्याकडे की पिवळ्याकडे ते सांगतो. हे आकडे यंत्राला दिलेला हुकूम नव्हेत. माणसाच्या डोळ्याला काय दिसते त्याची ही नोंद आहे. म्हणजे रंगाचा किलोग्रॅम म्हणा ना!

शिक्षकांनी मुलांना सांगण्यासारखे एक उदाहरण देतो. आपल्या राष्ट्रध्वजाचा केशरी कोणता आणि हिरवा कोणता, हे कोणाच्या मर्जीवर सोडलेले नाही. १९५१ साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या आणि पुढे सुधारलेल्या भारतीय मानकात ध्वजाचे रंग याच आयोगाच्या पद्धतीने आकड्यांत बांधून दिले आहेत. रंगाऱ्याने "आमच्याकडे केशरी असाच असतो" असे म्हणून चालत नाही.

दोन रंगांत फरक किती, हेही या पद्धतीने एका आकड्यात सांगता येते. त्याला डेल्टा ई म्हणतात. साधारणपणे फरक एकच्या आसपास असला तर तो निरखून पाहणाऱ्यालाच कळतो. दोन-तीनपर्यंत असला तर चांगल्या छपाईत चालवून घेतात. त्यापुढे गेला की शेजारी ठेवलेल्या दोन कागदांतला फरक कोणाच्याही नजरेत भरतो. "थोडासा हिरवट आला आहे" या बोलण्यावर भांडण होऊ शकते. आकड्यावर होत नाही.

प्रमाण माप मिळाले. आता प्रत्येक यंत्राची पायली त्या मापात किती भरते, याचे कोष्टक हवे. या कोष्टकाला प्रोफाइल म्हणतात. १९९३ साली ॲडोबी, ॲपल, कोडॅक वगैरे आठ कंपन्यांनी एकत्र येऊन आंतरराष्ट्रीय रंगसंघ स्थापन केला आणि सर्व यंत्रांना वाचता येईल असा या कोष्टकाचा नमुना ठरवून दिला. त्याला आयसीसी प्रोफाइल म्हणतात. तसेच १९९६ साली एचपी आणि मायक्रोसॉफ्ट यांनी सामान्य पडद्यासाठी एसआरजीबी नावाचे एक समाईक माप सुचवले. ज्या चित्राबरोबर कोणतेच कोष्टक आलेले नाही, ते बहुधा याच मापाचे समजून चालतात.

प्रिंटरचे कोष्टक बनवण्याची रीत अशी. आधी यंत्राची छिद्रे तुंबलेली नाहीत ना, हे तपासणीचा नमुना छापून पाहावयाचे. एकही रेघ तुटलेली दिसली तर पुढचे सारे मोजमाप व्यर्थ. मग यंत्राची, शाईची आणि कागदाची एक जोडी कायम करावयाची आणि त्या कागदावर शेकडो रंगीत चौकोनांचा तक्ता छापावयाचा. छापतेवेळी प्रिंटरने स्वतःची अक्कल चालवू नये म्हणून त्याची रंगदुरुस्ती बंद ठेवावयाची. तक्ता लगेच मोजावयाचा नाही. शाई सुकताना रंग थोडा बदलतो; म्हणून तो निदान काही तास, जमल्यास एक दिवस ठेवावयाचा. मग वर्णपटमापक नावाचे हातात मावणारे यंत्र प्रत्येक चौकोनावरून फिरवतात. ते जांभळ्या टोकापासून तांबड्या टोकापर्यंत, साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटरपर्यंतच्या उजेडापैकी कितवा भाग परत आला ते मोजते. त्यावरून संगणक कोष्टक तयार करतो: अमुक शाया इतक्या टाकल्या तर डोळ्याला अमुक रंग दिसतो. छापतेवेळी हेच कोष्टक उलट वाचावयाचे: अमुक रंग दिसावयाचा असेल तर अमुक शाया इतक्या टाका. सगळी करामत एवढीच आहे.

पण एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. हे कोष्टक एकट्या प्रिंटरचे नसते. ते प्रिंटर, शाई, कागद आणि छपाईची निवडलेली प्रत, या चौघांचे मिळून असते. त्यातला एक जरी बदलला तरी कोष्टक खोटे ठरते. आपल्याकडे शाई संपली की दुकानातून मिळेल ती बाटली आणून ओततात. पैसे वाचतात हे खरे. परंतु नवी शाई म्हणजे नवी पायली. कोष्टक जुने आणि पायली नवी, मग हिशेब कसा जुळणार? स्वस्त शाई वापरू नका असे मी म्हणत नाही. एकच धरून राहा, आणि बदलली तर पुन्हा तपासा, एवढेच माझे सांगणे.

आणखी एक चूक फार होते. रंगाचे भाषांतर एकानेच करावयाचे असते. चित्राचा प्रोग्रॅमही कोष्टक लावतो आणि प्रिंटरचा प्रोग्रॅमही आपली दुरुस्ती चालवतो, म्हणजे एका घरात दोन कारभारी झाले. एकाने शंभराचे ऐंशी केले, दुसऱ्याने त्या ऐंशीचे पुन्हा चौसष्ट. चेहरे एकाएकी राणी रंगाकडे झुकले किंवा हिरवे पडले तर आधी हेच पाहा. दोघांपैकी एकाला गप्प बसवा.

कोष्टक कितीही चांगले असले तरी शाईला आपली मर्यादा आहेच. पडद्यावरचा लखलखता पोपटी किंवा झगझगीत निळा कागदावर उतरूच शकत नाही; तेवढा तेजस्वी रंग त्या शायांत नाही. मग त्या रंगांचे काय करावयाचे? याच्या दोन मुख्य रीती आहेत. बाजाराच्या दिवशीची एस.टी. डोळ्यांपुढे आणा. जागा चाळीस आणि माणसे पन्नास. एक रीत अशी की सगळ्यांनी थोडे थोडे सरकून घ्यावयाचे. कोणीच आपल्या मूळ जागी राहत नाही, पण शेजारी कोण आणि पुढे-मागे कोण, हा क्रम टिकतो. फोटोला ही रीत चांगली. दुसरी रीत अशी की ज्यांना जागा मिळाली आहे त्यांना मुळीच हलवावयाचे नाही. जे मावत नाहीत त्यांना दाराशी जवळात जवळ उभे करावयाचे. नकाशा, रंगतक्ता, ध्वजाचे चित्र, जेथे रंग नेमका हवा तेथे ही दुसरी रीत घ्यावी. प्रोग्रॅममध्ये या रीतींना परसेप्च्युअल आणि रिलेटिव्ह कलरिमेट्रिक अशी लांबलचक नावे आहेत. नावांना भिऊ नये.

पडद्याचेही थोडे सांगतो. "पडद्यावर छान दिसते, छापले की काळपट येते," ही तक्रार घरोघरी आहे. बहुतेक वेळा दोष प्रिंटरचा नसतो. नवे पडदे दुकानात उठून दिसावेत म्हणून फार प्रखर ठेवलेले असतात. त्या प्रखर पडद्यावर आपण चित्र बघतो, ते पुरेसे उजळ वाटते, आणि छापल्यावर अंधारे निघते. पडद्याची प्रखरता इतकी उतरवावी की शेजारी उजेडात धरलेला कोरा पांढरा कागद आणि पडद्यावरचे कोरे पान साधारण सारखे वाटतील. पडदा मोजण्याचे लहान यंत्रही मिळते. पण हा घरगुती उपायसुद्धा निम्मे काम करतो.

आता शेवटचा, आणि माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित भाग: पाहण्याचा उजेड. साडी घेणारी बाई दुकानातल्या दिव्याखाली रंग पसंत करीत नाही. ती पदर घेऊन दाराशी येते आणि दिवसाच्या उजेडात पाहते. तिला कोणी शास्त्र शिकवलेले नाही; पण तिचे अगदी बरोबर आहे. दोन रंग एका उजेडात तंतोतंत सारखे आणि दुसऱ्या उजेडात उघड उघड वेगळे दिसू शकतात. धानाचे खरे पान आणि छापलेली हिरवी पट्टी यांचे तर असे होणारच, कारण पानाचा हिरवा हरितद्रव्यातून येतो आणि पट्टीचा दोन शायांतून. डोळ्याला दोन्ही हिरवे. पण उजेड गिळण्याची तऱ्हा निराळी. शिवाय पुष्कळ पांढऱ्या कागदांत, आपण धोतराला नीळ घालतो तसे, उजळ दिसण्यासाठी द्रव्य घातलेले असते. उन्हातल्या अदृश्य अतिनील किरणांनी ते चमकते. असा कागद ओसरीत निळसर पांढरा, तर पिवळ्या दिव्याखाली साधाच दिसतो. छापखान्यांत म्हणून ५००० केल्विनचा ठरावीक उजेड वापरतात. आपल्यासाठी सकाळच्या वेळी उत्तरेकडच्या खिडकीशी किंवा ओसरीत, थेट ऊन टाळून पाहणे, हा तितकाच चांगला नियम आहे.

येथे मला त्या पानाच्या कार्डाकडे परत यावेसे वाटते. हे कार्ड मूळ जपानी कल्पनेवरचे. फिलिपाइन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने त्याची चार पट्ट्यांची प्रत तयार केली. ते कसे वापरावे याचे नियम वाचून पाहा. पिकातून दहा निरोगी रोपे निवडा. प्रत्येकाचे वरचे पूर्ण उघडलेले पान घ्या, ते तोडू नका. पाहताना सूर्याकडे पाठ करून आपल्या अंगाची सावली पानावर पडू द्या. दर वेळी एकाच माणसाने आणि दिवसाच्या एकाच वेळी पाहावे. दहापैकी पाचांहून अधिक पाने ठरलेल्या मर्यादेच्या खाली भरली तरच नत्र द्यावे. आणि मर्यादा धानाच्या जातीप्रमाणे व लावणीच्या पद्धतीप्रमाणे ठरलेली असते. आता सांगा, हे नियम शेतीचे की रंगाचे? उजेड एक, डोळा एक, वेळ एक, नमुने पुरेसे, निर्णय आकड्याने. उत्तम छापखान्यात यापेक्षा वेगळे काही करीत नाहीत.

"पण आमच्या शाळेत वर्णपटमापक कोठून आणावा?" असे तुम्ही विचाराल. त्याची गरज रोज पडत नाही. कागदाच्या कंपनीने आपल्या कागदासाठी आणि तुमच्या प्रिंटरसाठी तयार कोष्टक दिलेले असले तर ते घ्या. यंत्राशिवाय करण्यासारखी चार कामे सांगतो. पहिले, एक प्रिंटर, एक शाई, एक कागद, आणि छपाईची एकच ठरलेली मांडणी कायम करा. दुसरे, एक परीक्षेचे चित्र ठेवा: त्यात काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतची राखाडी पट्टी, एक चेहरा, थोडे गवत, थोडे आकाश असावे. राखाडी पट्टी फार बोलकी असते. तिच्यात तांबडी किंवा हिरवी झाक आली की समजावे, कोठेतरी तोल गेला. तिसरे, समाधानकारक आलेली एक प्रत तारीख घालून पाकिटात, अंधारात ठेवा. दर महिन्याला नवी प्रत छापा आणि एका दिवसाने त्या पाकिटातल्या प्रतीशी ओसरीत ताडून पाहा. चौथे, एक वही घाला: तारीख, कागद, शाईची बाटली केव्हा बदलली, काय फरक दिसला. ही वही हाच गरिबाचा रंगमापक. जपून ठेवलेली प्रतही कायमची नसते. विद्राव्य रंगाच्या शाया उजेडाने आणि हवेने लवकर उडतात, कणरंगाच्या शाया अधिक टिकतात. म्हणून दोन-तीन वर्षांनी नमुना नवा करावा.

आम्ही पुढे काय केले ते सांगून संपवतो. त्या शेतकऱ्यांकडे आम्ही पुन्हा गेलो. प्लॅस्टिकची खरी कार्डे मिळवली, संख्येने थोडी, दर दहा घरांत एक. आमच्या प्रिंटरवर छापली ती फक्त वापरण्याची माहिती, काळ्या शाईत. सगळी पद्धत समजल्यावरही ते कार्ड घरी छापण्याचे धाडस मी केले नाही. कारण जेथे रंगावरून खताचा निर्णय होतो, तेथे "जवळजवळ बरोबर" हे बरोबर नव्हे. पिकांच्या रोगांची चित्रे आणि जिल्ह्याचा जमिनीचा नकाशा मात्र आता आम्ही ठरलेल्या कागदावर, ठरलेल्या शाईने छापतो आणि वहीत नोंदवतो.

त्या म्हाताऱ्या शेतकऱ्यांना मी खरे कार्ड हातात दिले. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिले आणि विचारले, "हे तरी सगळीकडे सारखंच आहे ना?" प्रश्न कार्डापुरता नव्हता. मापाबद्दल माणसाने नेहमी विचारावा असाच तो प्रश्न आहे. रंग छापणाऱ्या प्रत्येकाने तो आपल्या प्रिंटरला विचारावा, आणि उत्तर मिळेपर्यंत प्रत वाटू नये.